तिघांसाठी

ताई हॉटेलात खोल्या साफ करायची, आणि चादरी बदलता बदलता परदेशी पाहुण्यांना एकच प्रश्न विचारायची: तुमची आई रविवारी काय रांधते? भाषा कळली नाही तर हातवारे करायची, चित्रं काढून घ्यायची, पण उत्तर घेतल्याशिवाय खोली सोडायची नाही. घरी आली की ते सगळं निळ्या वहीत शाईने उतरवायची, न मिळणाऱ्या वस्तूंच्या जागी मिळणाऱ्या घालायची, आणि रविवारी दुपारी आमच्या दोन खोल्यांत कुठल्यातरी दूरच्या बाईच्या स्वयंपाकाचा वास भरायचा. पानावर पदार्थाचं नाव, त्याखाली ‘तिघांसाठी’, मग कृती. अगदी तळाशी, जेवणं झाल्यावर हात धुऊन, पेन्सिलीने आमची मतं. आई: बरं झालंय. वादळ: मीठ कुठंय?

वादळ म्हणजे मी.

त्या रविवारी टोमॅटोच्या रश्शात फोडलेली अंडी होती. मी ताट पुढे सरकवलं. “पावाशिवाय हे काय नुसतं चाटायचं?”

“आणते रे वादळा, छप्पर उडवू नकोस.” तिने खुंटीवरची पिशवी घेतली, चपला सरकवल्या. बेकरी रस्त्याच्या पलीकडे आहे. परत आली ती फक्त पिशवी.

आई तेव्हापासून जेवेना. चहात बुडवलेली दोन बिस्किटं, बस्स. दवाखान्यातल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर ही महिनाभरही टिकायची नाही. मी घरी आलो आणि विचार न करता वही काढली.

मी टायरच्या दुकानात कामाला आहे. शाळेशी माझं चौथीतच फाटलं. वाचतो, पण ओळीखाली बोट धरून, एकेक अक्षर लावत. वहीत अजून न केलेले पदार्थ होते. पहिला होता मांसाचा लाल रस्सा. पान मिटू नये म्हणून मी त्याच्या तळाशी मिठाची बरणी ठेवली आणि कृती लावायला बसलो. वर लिहिलं होतं, दोघांसाठी.

“आई, हे दोघांसाठी का गं?”

“तिच्या लग्नाचं बघत होतो ना,” आई भिंतीकडे बघत म्हणाली. “पुढे आपण दोघंच उरणार. तिला सगळं आधी सुचायचं.”

रस्सा खाली लागला. आईने दोन घास खाल्ले, “करपवलंस,” म्हणाली आणि हात धुतला. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला, बराच वेळ. मग ताईची पद्धत पाळायची म्हणून पेन्सिल घेतली आणि बरणी उचलली.

तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं. आई: दोन घास. करपवलंस म्हणाली. वादळ: रडला, नळ सोडून.

ते आधीपासून होतं का, शपथेवर सांगता येणार नाही. कृतीच्याच ओळी लावताना माझा जीव निघतो. पण ताईच्या हातून आयुष्यात काही करपलं नव्हतं. मी आईला बोललो नाही. तिने दोन घास खाल्ले होते, आणि मला आणखी हवे होते.

पुढच्या रविवारी छोले, सुक्या जर्दाळूंबरोबर मंद शिजवलेले. दोघांसाठी. आईने निम्मं ताट संपवलं आणि, “करपवायची हौस फिटली का?” असं विचारलं. तिच्या तोंडून थट्टा ऐकून मला गहिवरून आलं. मी बरणी उचलली. आई: अर्धं ताट. वादळ: बोट भाजलं, खिशात लपवलं. मी त्या ओळीवरून तेच बोट फिरवलं. पेन्सिलीची काळी भुकटी बोटाला लागली.

तिसऱ्या रविवारी बिटाचं सूप होतं, थंड देशातलं, वर दही घालायचं. आई आपणहून बीट चिरायला बसली. तिचे पंजे मनगटापर्यंत लाल झाले. ती सगळं जेवली, पुन्हा मागून घेतलं, ताटाची कड बोटाने पुसली. गालांवर रंग आला होता. आनंदाने माझं तोंड सैल सुटलं.

“पाव हवा होता गं याच्याबरोबर.”

शब्द निघून गेला. आई मात्र रागावली नाही. उलट जरा हसली.

“हो रे. तिलाही ताट पुसून खायला आवडतं.”

तिच्याकडे बघवेना, म्हणून मी वहीपाशी गेलो. बरणी बाजूला केली, बोट धरलं. आई: सगळं ताट. पहिल्यांदाच. मला हसू आलं, डोळे भरून आले, ओळ दिसेना. बाहीने पुसून पुन्हा बोट टेकवलं. वादळ: पाव मागितला. मागे कुठेतरी चपला सरकल्या.

“आई, कुठे निघालीस?”

“आलेच.”

“थांब, मी जातो,” मी म्हणालो, पण बोट ओळीवरून हटत नव्हतं. आई... पि... श... वी... पिशवी... घे... ऊन...

मान वर केली तेव्हा खुंटी रिकामी होती. दार उघडं होतं आणि जिन्यावरची पावलं खालच्या मजल्यावर पोचली होती. मी असा उठलो की टेबल हललं, बरणी कलंडली, वही जमिनीवर पडली आणि पान उलटलं. नव्या पानावरचं नाव लांबलचक होतं, कुठल्या देशाचं कोण जाणे. त्याखाली एकच शब्द होता, आणि तो वाचायला मला अक्षरं लावावी लागली नाहीत.

एकासाठी.