खुडूक कोंबडीखालचं अंडं

आमच्या शेतावर शाळांच्या सहली येतात. मुलं गाईची धार काढतात, शेळ्यांना पाला घालतात आणि शेवटी गवतात अंडी शोधतात. कोंबड्या काही शाळेचं वेळापत्रक बघून अंडी घालत नाहीत, म्हणून माझे दीर सकाळीच विकतची अंडी गवतात लपवून ठेवतात. ज्याला जे सापडेल ते त्याने पुठ्ठ्याच्या डबीत घालून घरी न्यायचं. रिकाम्या हाताने गेलेलं पोर पुन्हा शेताचं नाव काढत नाही, हे मी अनुभवाने शिकले आहे.

त्या दिवशी मुलं जेवायला बसली होती. दीर हात चोळत आले आणि सहज म्हणाले, की सकाळी एक अंडं कमी पडलं म्हणून खुराड्याच्या कोपऱ्यातल्या कोंबडीखालचं काढलं, तर बयेने कडकडून चोच मारली.

 कोपऱ्यात खुडूक कोंबडी होती, अंडी उबवत बसलेली. तिच्या अंड्यांत पिल्लं धरली होती. तिला तिथे हलवलं होतं मीच, आदल्या दिवशी, आणि ते दिरांना सांगायचं राहिलं. आता भांडायची सोयच नव्हती.

आज संध्याकाळी कुठल्यातरी घरी कुणाची तरी आई तव्याच्या काठावर ते अंडं फोडणार, आणि पोर शेजारी उभं राहून बघणार. मला दुसरं काही दिसेचना.

मुलांबरोबर आलेल्या बाईंना मी ठोकून दिलं, की डब्यांवर शेताचा शिक्का मारायचा राहिलाय. सगळ्या डब्या घेऊन पेंडीच्या अंधाऱ्या खोलीत गेले आणि एकेक अंडं टॉर्चवर धरू लागले. ताजं अंडं आतून पिवळं उजळतं. पिवळं, पिवळं, पुन्हा पिवळं.  बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मग एक काळपट निघालं, आत लाल शिरा, आणि काहीतरी हललं.

जीव भांड्यात पडला. त्या डबीत मी स्वयंपाकघरातलं अंडं घातलं, बाकीच्या डब्यांवर न तपासताच धडाधड शिक्के मारले आणि बस वाटेला लावली.

अंडं परत ठेवायला कोंबडीला उचललं, तर काल मोजून ठेवलेल्या अंड्यांत हे धरूनही अजून एक कमीच.

"भाऊजी, एकच काढलं होतं ना?"

"कमी एकच होतं," ते म्हणाले. "मग ट्रेमधलं एक हातातून पडलं, म्हणून पुन्हा..." माझा चेहरा बघून ते गाडीची किल्ली आणायला वळले.

मी बाईंना फोन लावला. कुणाचीतरी पाण्याची बाटली राहिली असेल, असं त्यांना वाटलं. आणखी एक थाप माझ्या जिभेवर तयार होती: अंडी खराब निघाली, सगळी फेकून द्या. मुलं खरंच फेकतील, खिडकीतूनच फेकतील, हे लक्षात आलं आणि ती थाप मी गिळली. बाईंना फोन स्पीकरवर टाकायला सांगितलं.

"मुलांनो, ती अंडी आम्हीच गवतात ठेवली होती," मी म्हणाले. "ठेवताना आमची चूक झाली. तुमच्यापैकी कुणाच्या तरी डबीत जिवंत पिल्लू आहे. कुणाच्या, ते मला माहीत नाही. कुणीही अंडं फोडू नका. मी येते."

 बसमध्ये इतका वेळ चाललेलं मुलांचं गाणं थांबलं. मला वाटलं, संपलं, आता कुठलीच शाळा आपल्या दारात पाय ठेवत नाही. दीर गाडीची किल्ली घेऊन समोर उभे होते.

मग बाईंचा आवाज आला, अगदी हळू, झोपलेल्या बाळाजवळ बोलावं तसा.

"ताई, सगळ्यांनी अंडी शर्टाच्या आत धरली आहेत. ड्रायव्हर विचारतायत, बस उभी करू, की हळूहळू परत शेतावर आणू?"