पहिलं पाणी

स्टेलाला त्या शनिवारी हवं होतं ते एवढंच: अर्धा दिवस आणि दोन कोरलेल्या भुवया. रविवारी चर्चमध्ये कापणीचा सण होता. गाणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत ती उभी राहणार होती आणि श्रीगोंद्याच्या पार्लरवालीनं अकराची वेळ दिली होती. आडवं येत होतं फक्त एक पितळी पातेलं.

पातेलं चर्चच्या मालकीचं, पण सगळे त्याला दयामावशीचंच म्हणत. बावीस वर्षं सणाच्या जेवणाला ती त्यात अंबाडीची भाजी करत आली होती. मटण कोणीही रांधो, दुसऱ्यांदा वाढून घेणाऱ्यांची रांग अंबाडीपुढंच लागायची. आंबट भाजी पितळेत शिजवायची तर आतून कल्हई धड हवी. नाहीतर भाजी कळकते, तोंडात जुनं नाणं धरल्यासारखी लागते. मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. म्हणून यंदा तिनं पातेलं शेजारच्या स्टेलाकडं दिलं आणि काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बसणाऱ्या कल्हईवाल्याकडून करून आणायला सांगितलं. वर म्हणाली, यंदा माझ्या हाताखाली ये, पुढं भाजीचा डाव तुझ्याच हातात यायचाय. हा तिसरा लाभ, न मागता पदरात पडलेला.

कल्हईवाल्यापुढं ताटकळायचं तर भुवया राहणार. स्टेलानं पातेलं आतून पाहिलं. कल्हई विरली होती, पण होती. तिनं चिंच-मीठ लावून तारेच्या घासणीनं ते बाहेरून घासलं आणि हात लागलाच आहे म्हणून आतूनही घासलं. उरलीसुरली कल्हईही गेली. पातेलं असं लखलखलं की नवरा आमोस म्हणाला, "वा, कल्हईवाला झकास दिसतोय." खोटं बोलायचे तिचे कष्ट नवऱ्यानं वाचवले.

रविवारी पहाटेच चर्चमागं चूल पेटली. अंबाडी उकळली. पहिलं पाणी टाकलं नाही तर भाजी दात आंबवते, म्हणून मावशीनं ते गाळून टाकलं. गाळायच्या फडक्याचं दुसरं टोक स्टेलाच्याच हातात होतं. मग पातेल्यात अंबाडी, तूरडाळ, शेंगदाणे आणि ज्वारीच्या कण्या एकत्र गेल्या. जाळ मागं ओढला. मावशी एका लयीत डाव फिरवत राहिली, भाजी घट्ट होत बुडबुडत राहिली. दोन तासांनी लसणाची खमंग फोडणी पडली. मावशीनं बोटावर घेऊन चाखली आणि पसंतीनं मान हलवली. मग झाकण ठेवून दोघी उपासनेला गेल्या. मावशीची भाजी दरवर्षी अशीच झाकणाखाली मुरायची.

गाणी झाली, उपदेश लांबला. दीड तासानं झाकण निघालं.

पहिल्या पंगतीतच घास थबकले. भाकरीनं भाजी ताटाच्या कडेला सारली जाऊ लागली. शेवटी एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, कळकली की काय? मावशीनं स्टेलाकडं वळून विचारलं, "कल्हई केली हुती ना गं?"

"केली ना, मावशी."

आता यातून सुटायचं तर पातेल्याचा तळ कोणाला दिसता कामा नये. स्टेलानं भाजी बादलीत ओतली आणि पदर खोचून पातेलं स्वतः घासायला घेतलं. बायका म्हणाल्या, बघा, पोरगी किती कामसू.

मावशी चुलीपाशी बसून राहिली होती. थोड्या वेळानं तिनं स्टेलाला जवळ बोलावलं.

"पयलं पानी मी टाकलं हुतं का गं? मला वाटतंय टाकलं. पन मग भाजी अशी का व्हावी?"

एवढंच सांगायचं होतं, की टाकलं, फडकं मीच धरलं होतं. पण मग पुढचा प्रश्न पातेल्याचाच आला असता.

"मला नाही आठवत," स्टेला म्हणाली.

मावशीनं मान डोलावली. "न्हाईच टाकलं मग. डोळं गेलं, आता ध्यानबी चाललं."

पुढच्या शनिवारी स्टेला काष्टीला गेली आणि भर उन्हात तीन तास थांबून कल्हई करून आली. कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या सणाला डाव तिच्या हातात होता. मावशी बाजूला स्टुलावर बसली होती. घरीसुद्धा ती आता मीठ दुसऱ्याला चाखायला लावते, असं तिची सून सांगत होती. भाजी उत्तम झाली. स्टेलानं वाटीत थोडी काढून तिच्यापुढं धरली.

"मला नको इचारू. माजी जीभ काय खरी न्हाई."

स्टेलानं वाटी खाली ठेवली. "मावशी, पहिलं पाणी तुम्ही टाकलं होतं मागच्या वर्षी. मी होते तिथं."

मावशी हसली. तिनं स्टेलाच्या गालावरून हात फिरवला. "मन राखतीस माजं. गुनाची हाय पोर."

कल्हईचं तोंडाशी आलं होतं, ते स्टेलानं गिळलं.

तर भुवया तीन आठवड्यांत पुन्हा वाढल्या होत्या. डाव स्टेलाकडं राहिला. किंमत सगळी मावशीनं भरली, आणि वर आशीर्वादही तिनंच दिला.