तीस मुले घेऊन निघालेली बस

मित्रांनो, जपानमधल्या सेंदाई शहराबाहेर बसगाड्यांचे एक आगार आहे. त्याच्या अगदी मागच्या कुंपणाला लागून एक पांढरी बस उभी असते. तिच्या अंगावर निळा पट्टा आहे आणि उजव्या दारावर थोडा गंज चढला आहे. ती बस म्हणजे मी. माझे वय एकोणीस वर्षे. माणसाचे हे वय शिकण्याचे असते, बसचे मात्र थांबण्याचे.

तुम्हाला नवल वाटेल की जपानी बसला मराठी कसे येते. त्याचे कारण सोपे आहे. चिपळूणच्या एका शाळेतली एकतीस मुले पाच दिवस माझ्यात बसून सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलत होती. इतके ऐकल्यावर कुणालाही भाषा आली असती!

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लोखंडाचा सांगाडा, मग इंजिन, मग काचा, आणि सगळ्यात शेवटी पंचेचाळीस खुर्च्या. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या काचेत आकाश इतके स्वच्छ दिसत होते की मला वाटले, तेही नुकतेच बनवून आणले असावे. मग सेंदाईच्या एका बस कंपनीने मला घेतले आणि ओनोदेरा-सान, म्हणजे आपल्याकडचे ओनोदेराजी, माझे चालक झाले.

ओनोदेरा-सान फार कमी बोलत. पांढरे हातमोजे घालून बसत. निघण्याआधी उजवीकडे बोट दाखवून म्हणत, “मिगी, योशी!” मग डावीकडे बोट दाखवून म्हणत, “हिदारी, योशी!” म्हणजे उजवीकडे ठीक, डावीकडे ठीक. गाडीत कुणी नसले तरी ते हे मोठ्याने म्हणत. रोज रात्री आगारात परतल्यावर ते ओल्या फडक्याने माझा आरसा पुसत आणि मगच घरी जात. मी शाळेच्या सहली नेल्या, म्हाताऱ्या माणसांना गरम पाण्याच्या झऱ्यांवर नेले, लग्नाची वऱ्हाडे नेली. सगळे वेळेवर येत, शांत बसत, वेळेवर उतरत. मला वाटायचे, जग असेच असते.

मग २०१९ सालच्या मे महिन्यात चिपळूणची मुले आली.

विज्ञान सहलीवर आलेली ही नववीची मुले. त्यांच्याबरोबर विलास सर होते. जाडजूड, प्रेमळ, पण वेळेच्या बाबतीत कडक. आणि दुभाषी म्हणून स्वप्ना होती. ती मूळची पुण्याची. सेंदाईच्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करत होती. मुले तिला स्वप्नाताई म्हणत.

पहिल्याच सकाळी प्रश्न सुरू झाले. इथेही गाड्या डावीकडूनच का चालतात? रस्त्यावर कचऱ्याचा डबा का नाही? मग सगळे आपापला कचरा ठेवतात कुठे? ड्रायव्हरकाका कुणाशी बोलतात?

सगळ्यात जास्त प्रश्न तन्वीचे. तिच्याकडे हिरव्या पुठ्ठ्याची एक वही होती. दिसेल ते ती त्यात उतरवून घेई. पहिल्या दिवशी तिने माझ्यासमोर उभे राहून माझी नंबराची पाटी जशीच्या तशी चित्रासारखी काढली, त्यातल्या जपानी अक्षरांसकट. मग बाजूवर लिहिलेले कंपनीचे नावही काढले. तेरा वर्षांत माझ्याकडे इतके निरखून कुणी पाहिले नव्हते. खरे सांगते, मला थोडी लाज वाटली. त्या दिवशी मी जरा चिखलातून आले होते.

तन्वीच्या शेजारी तिची मैत्रीण कश्मिरा बसायची. दोघींचे छान जमायचे. खिडकी सोडून.

तिसऱ्या दिवशी आम्ही द्रुतगती मार्गाने उत्तरेकडे निघालो होतो. दुपारी तारांगण पाहायचे होते. खिडकीजवळ बसायची पाळी कुणाची, यावरून दोघींचे वाजले.

“काल पण तूच बसली होतीस,” कश्मिरा म्हणाली.

“काल बोगदेच होते सगळे! ते धरायचे नाहीत.”

“मग बस तूच. मला बोलायचंच नाही तुझ्याशी.”

“नको बोलूस. मी जाते मागे.”

तेवढ्यात विश्रांतीचा थांबा आला. तन्वी वही घेऊन तरातरा उतरली. गळ्यातले ओळखपत्र मात्र तिने काढून समोरच्या हुकला अडकवले होते, ते तिथेच राहिले. त्यावर तिचे नाव होते आणि स्वप्नाताईचा फोन नंबर.

“पंधरा मिनिटं!” विलास सरांनी ओरडून सांगितले. “सोळावं मिनिट झालं की बस निघणार.”

पंधरा मिनिटांनी मुले परत आली. सरांनी यादी हातात घेऊन नावे वाचायला सुरुवात केली. अद्वय, हजर. ओवी, हजर. मग ते म्हणाले, “तन्वी?”

उत्तर आले नाही. कश्मिरा खिडकीला नाक लावून बसली होती. मान न वळवताच ती म्हणाली, “आहे सर. मागे बसलीये.”

सरांनी यादीवर खूण केली. स्वप्नाताईने ओनोदेरा-सानना सांगितले, “एकतीस. सगळे आले.” ओनोदेरा-साननी मान डोलावली. मिगी, योशी. हिदारी, योशी. आणि आम्ही निघालो.

मित्रांनो, मला ठाऊक होते. माझ्या प्रत्येक खुर्चीवर किती भार आहे, हे मला कळते. मागच्या एकाही खुर्चीत तन्वी नव्हती. पण सांगणार कशी? माझ्याकडे हॉर्न आहे, तो दुसऱ्याच्या हाताखाली. दिवे आहेत, तेही दुसऱ्याने लावायचे. त्या हुकला अडकवलेले ओळखपत्र वळणावळणाला हलत होते आणि त्याच्याकडे कुणीच पाहत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले, आपल्याला तोंड असायला हवे होते.

बारा किलोमीटर गेल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली भातखाचरे लागली. एक आजोबा छोट्या यंत्रावर बसून भाताची लावणी करत होते आणि यंत्रामागून पांढरे बगळे चालत होते. कश्मिरा भांडण विसरली. “तन्वी, बघ! आपल्यासारखीच लावणी, पण मशीनने!” असे म्हणत ती मागे वळली.

मग पट्टा सोडून ती उठली. शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेली.

“अद्वय, तन्वी कुठंय?”

“तुझ्याजवळ नाही?”

ती तिथेच उभी राहिली. गप्प बसता आले असते तिला. ती कुठे होती, कुणाला कळले नाही, असे म्हणता आले असते. पण ती धावत पुढे आली.

“सर, तन्वी राहिली मागे. मी... मी बघितलंच नव्हतं. रागावले होते म्हणून बघितलं नाही. तरी आहे म्हणून सांगितलं.”

विलास सरांच्या हातातली यादी खाली पडली. स्वप्नाताईने ओनोदेरा-सानना घाईघाईने सगळे सांगितले. त्यांनी ब्रेक दाबला नाही. द्रुतगती मार्गावर थांबता येत नाही आणि वळताही येत नाही. पुढच्या फाट्यावर उतरायचे, उलट्या बाजूने परत जायचे. आणि तो थांबा फक्त आमच्याच बाजूने गाठता येत असल्यामुळे त्याला ओलांडून आणखी मागे जायचे आणि तिथून पुन्हा वळून यायचे. पाऊण तास तरी लागणार होता.

“त्यांना म्हणावं जरा जोरात घ्या,” सर म्हणाले. “परक्या देशात एकटी आहे हो पोर. भाषा येत नाही तिला.”

स्वप्नाताईने ते सांगितले. ओनोदेरा-सान समोर पाहतच म्हणाले, “आत तीस मुलं आहेत. ऐंशीच्या वर नेणार नाही.”

सर सीटच्या दांड्याला धरून उभे राहिले.

स्वप्नाताईने बस कंपनीला फोन लावला. तिकडून कुणीतरी भराभर बोलू लागले. ऐकता ऐकता तिने डोळे मिटले आणि आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाली, “सापडली! माहितीच्या खिडकीपाशी बसलीये. त्यांनीच आत्ता कंपनीला फोन केला होता.”

“पण त्यांना कंपनी कशी कळली?” अद्वयने विचारले. काळजीतसुद्धा प्रश्न सुटत नव्हते या मुलांना.

“तिने वहीत बसचा नंबर आणि नाव काढून ठेवलं होतं ना. तेच दाखवलं तिने.”

मित्रांनो, त्या पाऊण तासात सगळी मुले समोरच्या काचेकडे बघत बसली होती. मी ऐंशीनेच धावले, पण असे धावणे मी पुन्हा कधी धावले नाही.

थांबा आला. छपराखाली एका बाकावर तन्वी बसली होती. शेजारी सफाईकाम करणाऱ्या एक आजी होत्या, गुलाबी रुमाल बांधलेल्या. कश्मिरा सगळ्यांच्या आधी धावली. तिला पाहताच तन्वी उठून म्हणाली, “अगं, तिथं छत्री का बांधलीये माहितीये? वर घरटं आहे! चार पिल्लं आहेत!”

आणि मग ती जी रडायला लागली, ती थांबेचना. कश्मिरा तिच्याहून मोठ्याने रडली.

तेवढ्यात ओनोदेरा-सान उतरले. त्यांनी टोपी काढली, हातमोजे काढले आणि चौदा वर्षांच्या त्या मुलीसमोर कमरेतून खाली वाकले. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. मुले चकित होऊन बघू लागली.

“अहो ओनोदेरा-सान, तुम्ही कशाला?” विलास सर गडबडले. “स्वप्ना, सांग त्यांना, चूक आमची आहे.”

ओनोदेरा-सान जे बोलले ते स्वप्नाताईने मराठीत सांगितले. “मोजणं माझंही काम होतं. मी फक्त ऐकलं. मागे जाऊन पाहिलं नाही.”

तन्वीला रागवायचे म्हणून सरांनी वाटेत बरेच काही ठरवले असावे. पण ते तिच्यासमोर गेले आणि म्हणाले, “माझंही चुकलं बाळ. यादीकडे बघत होतो मी, तुमच्याकडे नाही.” शिक्षकांना असे बोलताना मुलांनी बहुधा प्रथमच ऐकले. मग त्यांनी नेहमीचा आवाज काढला. “आणि तू! कुठं जातेस ते एकाला तरी सांगून जायचं की नाही?”

“हो सर,” तन्वी नाक पुसत म्हणाली.

तारांगणाची वेळ टळली होती. मग सगळ्यांनी ती छत्रीच पाहायचे ठरवले. प्रसाधनगृहाच्या दारावर पाकोळ्यांनी मातीचे घरटे बांधले होते आणि त्याखाली एक उघडी छत्री उलटी टांगलेली होती. गुलाबी रुमालाच्या आजींनी स्वप्नाताईमार्फत समजावून सांगितले, घाण लोकांच्या डोक्यावर पडली तर ते तक्रार करतील. तक्रार झाली की घरटे काढावे लागेल. म्हणून त्यांनी आपली स्वतःची छत्री बांधली होती. दरवर्षी ही पाखरे समुद्र ओलांडून येतात, असेही त्या म्हणाल्या.

“कोकणातून येत असतील का?” ओवीने विचारले.

आजी हसल्या. “मला कुठं ठाऊक? दक्षिणेकडून येतात एवढं माहीत आहे. तुम्हीच शोधा आणि मला कळवा.”

एकतीस मुले माना वर करून उभी होती. वरून चार चोची उघडत होत्या. तारांगण बुडाल्याचे मग कुणी नाव काढले नाही.

त्यानंतर प्रत्येक थांब्यावर कश्मिरा माझ्या शेवटच्या रांगेपासून पुढे चालत येई. प्रत्येक खुर्चीच्या पाठीला हात लावून, त्यात बसलेल्याचे तोंड बघून ती म्हणे, “एक, योशी. दोन, योशी.” एकतीस म्हणून झाल्याशिवाय ओनोदेरा-सान गाडी सुरू करत नसत. मुले परत गेल्यावर ते स्वतः मागपर्यंत जाऊन पाहू लागले. गाडी रिकामी असली तरी.

पुढच्याच वर्षी जगभर आजार पसरला. सहली बंद झाल्या. दोन वर्षे मी आगारात उभी होते. माझ्या चाकांभोवती गवत उगवले, बॅटरी उतरली. एकदा एका मांजरीने माझ्याखाली पिल्ले घातली, तेवढीच सोबत. ओनोदेरा-सान निवृत्त झाले. जाताना त्यांनी शेवटचा एकदा माझा आरसा पुसला. नंतर मी थोडी धावले, पण नव्या गाड्या आल्या, त्यांच्यात प्रत्येक खुर्चीला फोन चार्ज करायची सोय होती. मला कुंपणाशी लावले गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वाईट एवढेच वाटते की बरेच दिवस माझ्यात कुणी प्रश्न विचारलेला नाही.

म्हणून तुमच्याजवळ एक मागणे आहे, मित्रांनो. प्रश्न विचारणे सोडू नका. उलटी छत्री दिसली तर थांबा. पण थांबण्याआधी एकाला सांगा. आणि तुमच्यापैकी कुणाला विचारले की अमका आला का, तर कितीही राग आलेला असो, मान वळवून बघा आणि मगच उत्तर द्या. मान वळवायला फार वेळ लागत नाही. मला ती वळवता येत नाही, म्हणून मला तिची किंमत कळते.

पुढच्या महिन्यात मला मोडीत काढणार आहेत. काल दोन माणसे येऊन माझे माप घेऊन गेली. काचा वेगळ्या, लोखंड वेगळे, खुर्च्यांचे कापड वेगळे. या देशात कचरासुद्धा निवडून, नीट लावून ठेवतात. माझे लोखंड वितळवून नवे काहीतरी करतील म्हणे. कशाचे काय होईल, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हते. पूल होईल, सायकल होईल, की एखाद्या शाळेचा जिना?

भीती वाटते का, असे विचाराल तर नाही. कधी एकदा कळते, असे मात्र झाले आहे.