नाव सांगा, क्रेट न्या

"आज्जी, हात नको लावू, रंग ओला हाय!"

आरोही ओरडली तसा साळुबाईंनी हात मागं घेतला. ओसरीवर टोमॅटोची रिकामी क्रेट ओळीनं मांडली होती आणि आरोहीचे आजोबा, आबा, पांढऱ्या ऑइलपेंटनं प्रत्येकावर स्वतःचं नाव घालत होते. अवसरीची क्रेट मार्केटला जाऊन दहा गावांच्या क्रेटमध्ये मिसळतात. नाव नसलं तर गेली ती गेलीच.

"ह्ये काय म्हनतंय गं?" साळुबाईंनी बोट दाखवलं.

"भ! काल सांगितलं व्हतं ना?"

"इसरले बाई. आन् ह्ये?"

"ग. आज्जी, तुझं लक्षच नसतं."

साळुबाईंचं हे नाटक नव्हतं. त्या शाळेची पायरी कधी चढल्याच नव्हत्या. पण पाच वर्षांची नात मास्तरीण झाली की त्यांना फार मजा वाटायची.

अडचण एवढीच होती की घरात लाउडस्पीकर असलेली ही पोर उंबरा ओलांडला की मुकी व्हायची. अंगणवाडीत वर्षभरात तिनं तोंड उघडलं नव्हतं. तिथल्या श्रेयाताईंनी परवा स्पष्टच सांगितलं, "आजी, पोरगी हुशार आहे. पण तिला कुणी काही विचारलं की उत्तर तुम्ही देता. पहिलीच्या वर्गात तुम्ही येऊन बसणार का?"

साळुबाईंना ते फार लागलं. त्या रात्रभर तळमळल्या आणि आता पोरीच्या वतीनं बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं. सकाळी दूधवाल्यानं "काय गं, नाव काय तुझं?" विचारलं आणि साळुबाई म्हणाल्या, "आरोही."

शुक्रवारी मार्केटमधून रिकामी क्रेट घेऊन टेम्पो आळीत आला. आबा मळ्यात पाणी धरायला गेले होते, म्हणून साळुबाईच गेल्या. आरोही त्यांचा पदर धरून मागं लपली होती. ड्रायव्हर नवा होता.

"मागल्या खेपेला लई घोळ झाला, म्हनून नाव सांगा, क्रेट न्या," तो वरून म्हणाला. "हं मावशी, नाव?"

"गोरखच्या वडलांची," साळुबाईंनी लेकाचं नाव पुढं केलं.

"गोरख हितं कुठंच न्हाई. क्रेटवरचं नाव सांगा."

चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव त्यांनी एकदाच घेतलं होतं, लग्नातल्या उखाण्यात. शेजारच्या लंकाबाईंना ते चांगलं ठाऊक होतं, पण अशी गंमत रोज थोडीच मिळते?

"घे की गं नाव!" लंकाबाई म्हणाल्या. "आमी उखाना ऐकायला हुभ्या हाय!"

आळीतल्या सगळ्या बाया खिदळल्या. साळुबाईंनी पदर तोंडात धरला. दुसऱ्याच्या वाटचंही बोलणाऱ्या बाईला आज स्वतःच्या वाटचा एक शब्द निघेना.

आरोहीनं मान वर करून आजीकडं पाहिलं. आज आजी काही बोलणार नाही, हे तिला कळलं. तिनं पदर सोडला, टेम्पोपाशी गेली आणि टाचा उंचावून एका क्रेटवर बोट ठेवलं.

"भ," ती पुटपुटली.

"आं?" ड्रायव्हर खाली वाकला.

"भ. ग. वं. त." मग रोज विसरणाऱ्या आजीला सांगावं तशी ती खणखणीत ओरडली, "भगवंत! आमच्या आबांचं नाव हाय. ह्ये बी आमचं. आन् त्ये बी!"

मग लंकाबाईंनीच आधी टाळी वाजवली. ड्रायव्हर हसत एकेक क्रेट खाली देऊ लागला. "आन् वाचनाऱ्या बाईंचं नाव काय?"

साळुबाईंचे ओठ सवयीनं उघडले. त्यांनी पदर पुन्हा दातात घट्ट धरला.

"आरोही," आरोही म्हणाली.

साळुबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि त्या हसतही होत्या.

संध्याकाळी आबा मळ्यातून आले, तर ओसरीवर आजी आणि नात एका क्रेटवर वाकल्या होत्या. ब्रश आजीच्या हातात होता.

"ह्ये काय चाललंय?"

"नाव घेत न्हाई मी," साळुबाई मान वर न करता म्हणाल्या. "लिवायला कुठं मनाई हाय?"

"आज्जी, त वाकडा झाला," मास्तरीणबाई म्हणाल्या.

आबांनी ते क्रेट हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. ते पुन्हा रंगवायला त्यांनी ब्रश उचलला नाही. मंगळवारी माल भरताना ते क्रेट त्यांनी सगळ्यांत वर ठेवलं, नाव रस्त्याकडं करून.