दोन इंचांचं खोटं

“विश्वास बसायचा नाही कुणाचा, पण सर्कशीतल्या हत्तीला कोट शिवलाय मी. ट्रायलला आला तेव्हा काखेत जरा घट्ट होत होता, एवढंच,” असं म्हणत मास्तरांनी बँकेतल्या साहेबांच्या पोटाभोवती टेप फिरवली. “कंबर एकोणचाळीस!”

कोपऱ्यात मशीनवर बसलेल्या भाचीनं वहीत एकेचाळीस लिहिलं. दुकानाची रीतच होती ती. गिऱ्हाइकाच्या तोंडावर मास्तर दोन इंच गिळायचे आणि भाची ते मुकाट्यानं वहीत परत घालायची. साहेबही खूश राहायचे, पँटही बसायची.

बाकावर एक मुलगी फॉर्म घेऊन बसली होती. एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायची एक गोळी असते. ती घेणाऱ्यांविषयी लोकांच्या मनात किती अढी आहे, याचं माप घेत ती दुकानोदुकानी हिंडत होती.

“अढीचं माप?” मास्तर म्हणाले. “बघू तुमची टेप!”

“एक ते पाच आकडे आहेत, आजोबा. साहेब, तुम्ही सांगा. ही गोळी घेणाऱ्याचं चालचलन वाईट असतं, असं वाटतं?”

“पाच,” साहेब म्हणाले. “चांगल्या घरात कशाला लागतंय असलं?”

भाचीचा पाय मशीनच्या पायट्यावर थबकला.

साहेबांच्या बाहीचं बटण लोंबत होतं. जोडीचं शोधायला मास्तरांनी हाताशी आला तो डबा ओढला. तो भाचीचा होता. ती अर्धवट उठली, तोवर डबा टेबलावर उपडा झालाही. बटणांमागून एक पांढरी बाटली घरंगळली आणि साहेबांच्या बुटाशी जाऊन थांबली.

“अय्या, हीच ती गोळी!” मुलगी बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

साहेबांनी पाय मागे घेतला. त्यांची नजर बाटलीवरून मशीनकडे निघाली. भाची सुईत दोरा ओवू लागली. दोरा आधीच ओवलेला होता.

“माझी आहे ती,” मास्तर म्हणाले.

“तुमची?”

“मग! बहात्तरावं लागलं म्हणून काय झालं? डॉक्टर म्हणाला, मास्तर, तुमचा काही भरवसा नाही.”

साहेबांना आधी ठसका लागला, मग ते पोट धरून हसायला लागले. टेप सुटून खाली पडली.

“हसताय काय? हे अंगुस्तान बघा. सुई टोचायच्या आधीच घालतो ना बोटात? त्यावरून कुणी माझं चालचलन काढलं?”

साहेब डोळे पुसत वाकले. बाटली उचलून त्यांनी टेबलावर ठेवली.

“बाई, ते पाच खोडा. तीन करा. मास्तरांसाठी.”

मुलीनं घाईनं नवा फॉर्म काढला. “आजोबा, रोज किती घेता?”

“सकाळी दोन, दुपारी दोन, झोपताना चार. हत्तीच्याच डॉक्टरनं लिहून दिल्यात.”

मुलीचं पेन थांबलं. कोपऱ्यातून फिसकन हसू फुटलं. भाची उठून आली, तिनं बाटली उचलली आणि फळीवर, मापाच्या वहीशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी उभी ठेवली.

“साफ खोटं, मामा! रोज एकच असते. ताई, बाटली माझी आहे, माझं लिहा. आणि साहेब, तुमची कंबर एकोणचाळीस नाही, एकेचाळीस आहे.”