प्रोकोपियोने साफ केलेली वाट

माझ्या दिराला, प्रोकोपियोला, एक वाईट खोड आहे. कुठे खड्डा दिसला की त्याच्या हाताला खाज सुटते. चर्चच्या अंगणात पाणी साठायचं, ते त्याने बुजवलं. आता तेच पाणी फादरांच्या खोलीत शिरतं. माझ्या कोंबड्यांनी धुळीत लोळायला जागा उकरून ठेवली होती, ती त्याने सपाट करून वर खडी टाकली; कोंबड्या रुसल्या, अंडी बंद. याला कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. "वहिनी, पडलंच होतं ते तसं," म्हणतो. पडलंच होतं! जगात काही गोष्टी पडून राहण्यासाठीच असतात, हे त्याच्या डोक्यात कधी शिरायचं नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हा शेंबडा होता. सासूबाई लवकर गेल्या. त्याचं नाक मी पुसलं, त्याची पहिली विजार मी शिवली, म्हणून मी त्याला बोलते. दुसऱ्या कोणी बोललेलं मला खपत नाही, तेही इथे लिहून ठेवते.

त्यात हा गावचा पाटकरी. आमच्या ओहो सेकोत पाटाशिवाय मिरचीचं एक रोप जगायचं नाही. वसंत लागला की घरटी एक माणूस फावडं घेऊन पाटात उतरतो, गाळ काढतो, काठ तासतो, आणि प्रोकोपियो काठावरून ओरडत फिरतो. ते काम तो चांगलं करतो, उगाच खोटं का बोलू? पण फावडं हातात आलं की त्याला सगळं जग पाटच दिसायला लागतं.

गावामागे कबरस्तानाच्या कुंपणापासून पठारावर एक जुनी वाट चढते. सांता फेहून घोंगड्या लादून कॅलिफोर्नियाला न्यायच्या आणि तिकडून खेचरं हाकत आणायची, त्या काळची. खुरांनी माती झिजून झिजून गुडघाभर चर पडलेला; कुठे एक, कुठे दोन-तीन शेजारी शेजारी. त्या वाटेने माणसंही आणली, विकायला. माझ्या आजीची आजी तशीच आली. पायूट या तिकडच्या आदिवासी लोकांची एवढीशी पोर, दोरीने खेचराला बांधलेली. आमच्याच गावात एका घरी तिला विकली. तिचं आईने ठेवलेलं नाव कोणाला माहीत नाही. बाप्तिस्म्याला मारिया म्हटलं आणि झालं. तिची कबर सापडत नाही. ती चालली ती जमीन तेवढी आहे. माझी आजी पठारावर निघाली की कबरस्तानापाशी चपला काढायची आणि त्या चरातून अनवाणी चालायची. आम्ही पोरी मागून. का, ते कोणी विचारत नसे.

पठार सरकारी, म्हणजे सगळ्यांचं, म्हणजे कोणाचंच नाही. गेल्या वर्षी एका खडीवाल्या कंपनीचा त्यावर डोळा गेला. पठार फोडून खडी काढायची आणि शहरातल्या रस्त्यांवर ओतायची. माझी मुलगी ओफेलिया मास्तरीण आहे. तिने जमीन खात्याला अर्ज केला: ही जुनी वाट आणि भोवतीचा रखरखीत माळ लोकांचा ठेवा म्हणून राखून ठेवा, विकू नका, खणू नका. उत्तर आलं. शनिवारी खात्याची बाई पाहायला येईल. जुनी वाट जमिनीवर खरोखर दिसत असेल तर माळ राखू, नाहीतर कंपनीचा अर्ज पुढे जाईल.

रविवारी मिस्सा संपल्यावर ओफेलियाने हे गावाला वाचून दाखवलं. प्रोकोपियो मागच्या बाकावर पेंगत होता. शनिवारी पाहुणी येणार, एवढंच त्याच्या कानात गेलं असावं. त्याला मी एकच काम सांगितलं, "कबरस्तानाच्या फाटकाला तेल घाल, फार करकरतं."

गुरुवारी मी घेवडा निवडत बसले होते. पाहते तर पठारावर धूळ. वारा नाही, मेंढरं नाहीत, मग धूळ कसली? काठी घेतली आणि चढले.

वर ट्रॅक्टर. ट्रॅक्टरला पुढे लोखंडी पातं. चार म्हातारे फावडी टेकून उभे. आणि कबरस्तानापासून कोरड्या ओढ्यापर्यंत जमीन कशी, तर पोळपाटासारखी. दोन्ही बाजूंना दगडांची रांग, आणि दगडांना चुना!

"कशी झाली, वहिनी?" प्रोकोपियो ट्रॅक्टरवरून उतरला. घामाने निथळत होता, हसत होता.

"वाट कुठे आहे?"

"ही काय! तुम्ही उभ्या आहात तीच."

"चर कुठे आहे, प्रोकोपियो?"

"बुजवला. पाहुणीचा पाय मुरगळला असता म्हणजे? सरकारी बाई येणार आणि आपल्या वाटेचं असं गटार? गावाची काही अब्रू आहे की नाही?"

"अरे, ती बाई ते गटारच बघायला येतेय!"

फिदेन्सियो म्हाताऱ्याने टोपी काढली, कोणी मेल्यासारखी.

"मग मला आधी कोणी सांगितलं का नाही?" प्रोकोपियो म्हणाला.

"काय सांगायचं होतं? दोनशे वर्षांची वाट झाडू नकोस म्हणून? ते सांगावं लागतं? उद्या सांगावं लागेल, बाबा रे, चर्चमधल्या संतांच्या मूर्तींची नाकं घासू नकोस!"

"नाकांवर धूळ असते, वहिनी," एक म्हातारा पुटपुटला. त्याच्याकडे मी नुसतं पाहिलं.

घरी येऊन ओफेलियाला फोन केला. ती रडली. मी नाही रडले. मी मिरच्या कुटल्या. शुक्रवारी कोणाशी बोलले नाही. प्रोकोपियो दोनदा दारात आला, दोनदा मी दार लावलं. तिसऱ्यांदा आला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. हा माणूस स्वस्थ बसला म्हणजे कुठेतरी काहीतरी खणतोय.

शनिवारी सकाळी जमीन खात्याच्या लिंडक्विस्टबाई आल्या. उंच, उन्हाने भाजलेल्या, पायात चांगले झिजलेले बूट. बूट पाहून मला जरा बरं वाटलं. आमची भाषा तोडकीमोडकी बोलत होत्या, पण बोलत होत्या. मी आणि ओफेलिया त्यांना घेऊन वर निघालो. मागून अर्धं गाव, पुढे प्रोकोपियो, अंगात लग्नातला कोट.

कबरस्तान ओलांडलं आणि पाहते तर काय!

चर होता! होता म्हणजे काय, नवा कोरा. दोरी लावल्यासारखा सरळ, काठ तासलेले, तळ चोपलेला. पाणी वाहून जावं म्हणून ओढ्याकडे उतारसुद्धा दिला होता. खेचरांच्या वाटेला उतार! बाजूला ओल्या मातीचे ढीग.

लिंडक्विस्टबाई वाकल्या. काठावर फावड्याचे घाव होते, त्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"हे... नवीन?"

"नाही बाई," प्रोकोपियो छाती काढून म्हणाला, "खूप जुनं. माझ्या आजोबांच्याही आधीचं."

"दोनशे वर्षं," फिदेन्सियोने जोड दिली. त्याच्या दोन्ही तळहातांना ताजे फोड होते.

बाईंनी चष्मा काढून पुसला. आता ही बाई मुकाट्याने गाडीत बसणार, हे मला दिसलं. लबाड गाव, खोटी वाट, आणि सोमवारी कंपनीचा अर्ज पुढे. ज्याचं नाक मी पुसलं त्याला सगळ्या गावासमोर खोटा पाडायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण मग पठार जाणार होतं.

"बाई, हा खोटं बोलतोय," मी म्हणाले. "खरी वाट इथेच होती. गुरुवारी याने ती बुजवली, तुमचा पाय मुरगळू नये म्हणून. काल पुन्हा खणली, माझ्या भीतीने. अक्कल नाही, पण लबाडीही नाही. पाहुणी येणार म्हणून याने अंगण झाडलं, एवढंच. या वाटेने माझ्या आजीच्या आजीला बांधून आणली होती. मी या जागेवर खोटं बोलणार नाही, आणि याला बोलू देणार नाही."

प्रोकोपियोची मान अशी खाली गेली की मला त्याचं टक्कल दिसलं.

लिंडक्विस्टबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "ओढ्याच्या पलीकडे?"

ओढ्याचा काठ उभा. तिथे ट्रॅक्टर उतरत नाही, आणि म्हाताऱ्यांचे गुडघेही उतरत नाहीत. बाई उतरल्या, मीही बुड टेकत टेकत उतरले. वर चढलो तर चामिसाच्या झुडपांमधून तीन चर शेजारी शेजारी, कडा ढासळलेल्या, मध्येच वाकडे, थेट क्षितिजापर्यंत. कोणी हात लावलेला नाही. बाईंनी टोपी काढली.

परत आल्यावर त्यांनी सरळ सांगितलं. ओढ्यापलीकडची वाट आणि माळ राखायचा, असं त्या वर लिहून देतील. आणि त्यांनी लिहिलं की बहुतेक होतं. पण अलीकडचा तुकडा, कबरस्तान ते ओढा, त्यांना धरता येणार नाही. तिथे आता जुनं काही उरलेलं नाही. कंपनीने मागितला तर मागितला.

माझी आजी चपला काढायची तो हाच तुकडा.

"आणि गावातला कोणीतरी राखणदार हवा," बाई म्हणाल्या. "नियमित फेरी मारायची. कोणी गाड्या घालत नाही, दगड उचलत नाही, ते बघायचं."

बघता बघता सगळे पुरुष आपापल्या टोपीच्या आत डोकावायला लागले. एकाच्या गायी व्यायला झालेल्या, एकाची कंबर, एकाचा जावई येणार. परवा ट्रॅक्टरमागे फावडी घेऊन गेलेले म्हातारेही त्यातच. प्रोकोपियो लांब कुंपणाला टेकून उभा, कोटाची बटणं उघडत, लावत.

मी बाईंना त्याचंच नाव सांगितलं. ओफेलिया म्हणाली, "आई, तुला वेड लागलंय का?" लागलं असेल. मग मी त्याला हाक मारली. तो आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, तुम्ही मला एक लगावा आणि मोकळ्या व्हा."

"गप उभा राहा आणि ऐक. माझ्या आजीची वाट तू मातीत घातलीस. ते मी विसरणार नाही, आणि तुलाही विसरू देणार नाही. दर रविवारी तुझ्या ताटात वाढीन. पण या मेल्या गावात न बोलावता कामाला येणारा माणूस तू एकटाच आहेस, त्याला मी काय करू? आजपासून ओढ्यापलीकडचा राखणदार तू. तिकडे पाऊल टाकायचं ते दोन्ही हात पाठीमागे बांधून. दगड निसटला, निसटू दे. झुडूप उगवलं, उगवू दे. वाट वाकडी दिसली तर तूही वाकडा चाल. आणि तुझं फावडं माझ्या पलंगाखाली राहील, प्रोकोपियो. पाटाच्या सफाईला हवं असेल तर मागायला यायचं, आणि कुठे खणणार आहेस ते आधी मला दाखवायचं."