लुंगचावची वाढती भांडी

लुंगचाव कंपनीचं उत्तम चाललं आहे याबद्दल होशिंगच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पुरावा स्वयंपाकघरात टांगलेला होता.

भागधारकांच्या वार्षिक सभेला गेलं की कंपन्या भेटवस्तू देतात. चांगह्वा शहरातल्या निवृत्त मंडळींनी इथल्या तिथल्या कंपन्यांचे एकेक-दोनदोन शेअर घेऊन ठेवलेले असतात आणि उन्हाळा लागला की पिशवी घेऊन ती भेटी गोळा करत हिंडतात. तेवढाच व्यायाम. बाकीच्या कंपन्या छत्री नाहीतर टॉवेल देऊन मोकळ्या होतात. लुंगचाव भांडी बनवायची, म्हणून ती भांडंच द्यायची. आधी पळी दिली, मग वाडगा, मग तवा, आणि गेल्या वर्षी चांगली जाडजूड कढई.

"भांडं वर्षागणिक मोठं होतंय," होशिंग बायकोला म्हणाला. "याहून वेगळा अभ्यास काय करायचा असतो?"

जन्मभर बस चालवून त्याला निवृत्तीचे जे पैसे मिळाले होते, ते बँकेत नुसते झोपून होते. यंदाची सभा झाली की ते सगळे लुंगचावच्या शेअरमध्ये घालायचे असं त्याने ठरवून टाकलं. त्याच्या बायकोला, बाओलिएनला, ते पटेना. दोघांचं म्हातारपण म्हणजे तेवढंच होतं, आणि ते एका कढईच्या भरवशावर चाललं होतं. नवऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्याने आयुष्यभर प्रवाशांचं ऐकलं नव्हतं. तिने शेअरचं मोल कसं काढायचं ते शिकवणाऱ्या फान सरांच्या वर्गात नाव घातलं.

"किंमत सगळ्यांना दिसते, ब्रोकरच्या भिंतीवर असते," फान सर सांगत. "मोल आपलं आपण काढायचं. अख्खं दुकान विकत घेताय असं समजा. वर्षाअखेर गल्ल्यात काय उरतं? आणि ते खरंच उरतं, की नुसतं लिहिलेलं असतं?"

"सर, कुठला शेअर घेऊ तेवढं सांगा ना," मागून एक बाई म्हणाल्या.

"तेवढंच मी सांगत नाही."

"अगोबाई! मग फी कसली घेतलीत?"

बाओलिएनने मात्र लुंगचावचा वार्षिक अहवाल आणून वाचायला घेतला. शेअरची किंमत साठ डॉलर, एका शेअरमागे वर्षाची कमाई चार. म्हणजे पंधरा वर्षांत पैसे वसूल. वाईट नाही. पण एक आकडा दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा तिला छळत राहिला. गोदामात पडून असलेला माल वर्षभरात दुप्पट झाला होता.

"असं का असेल, सर?"

"मला काय विचारता? भागधारक तुम्ही आहात. सभेत विचारा."

"सभेत?" बाओलिएन गोंधळली. "सभेत कुणी जातं का, सर?"

तिचं बरोबर होतं. इतकी वर्षं सभांना जाऊन तिने एकही सभा पाहिली नव्हती. फाटकाशी भेट घ्यायची आणि पुढच्या कंपनीची बस पकडायची, अशीच रीत होती.

लुंगचावची सभा कारखान्याच्या खानावळीत होती आणि रांग फाटकाबाहेर रस्त्यावर आली होती. यंदाची भेट पाहून रांगेने एकदम आ वासला. मोदकपात्रासारखं वाफेवर शिजवायचं भांडं, तीन मजली, वर काचेचं झाकण. होशिंगने ते दोन्ही हातांनी, पहिलं नातवंड घ्यावं तसं घेतलं.

"बघ, बघ! झाकणाला काच आहे! उद्याच पैसे घालतो. अगं, तू कुठे निघालीस?"

"आत."

"आत काय देतात?"

"सभा."

रांगेतल्या बायांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

आत खुर्च्याच खुर्च्या होत्या. समोर संचालक बसले होते आणि एका कोपऱ्यात एक आजोबा गार हवेसाठी येऊन झोपले होते. अध्यक्ष येन सत्तरीचे, गोल चेहऱ्याचे. "कुणाला काही विचारायचंय का?" हे वाक्य ते नेहमीप्रमाणे कागद गोळा करता करता म्हणाले. बाओलिएनने हात वर केला. अध्यक्षांचे कागद खाली पडले.

"गोदामात माल दुप्पट का झालाय?"

एक तरुण अधिकारी लगबगीने उठला. "बाजारातल्या भावी संधी लक्षात घेऊन केलेला धोरणात्मक साठा आहे, काकू."

"म्हणजे खपला नाही?"

"तसं अगदी म्हणता येणार नाही."

"बरं. मग बाहेर वाटताय ती भांडी कुठली?"

अधिकारी अध्यक्षांकडे पाहू लागला. अध्यक्ष छताकडे पाहू लागले. मग ते हसले, आणि हसू आवरेना तसा त्यांनी चष्माच काढून ठेवला.

"गोदामातलीच, बाई. दुसरी कुठली? लोक आता विजेचे कुकर घेतात. आधी पळ्या उरल्या, त्या वाटल्या. मग कढया उरल्या. यंदा ही उरली."

"आणि हिशेबात ती अजून पुऱ्या किमतीला धरलीत?"

"धरलीत खरी," अध्यक्ष म्हणाले. "या खुर्चीत बसल्यापासून मला कुणी प्रश्न विचारला नव्हता हो! चहा घेणार?"

चहा पीत बाओलिएनने तिथेच हिशेब केला. न खपलेला माल वजा केला तर चारची कमाई दोनवर येत होती. बारा वर्षांची कमाई मोजायची तिची तयारी होती. चोवीस डॉलर. साठच्या वस्तूचं मोल चोवीस.

बाहेर होशिंग स्कूटरवर भांडं मांडीत घेऊन बसला होता. तिने सगळं सांगितलं.

"एवढं मोठं भांडं दिलं म्हणून कंपनी नको?" तो भडकला. "उद्या म्हणशील, माणूस चांगला वागला म्हणून नवरा नको!"

"चोवीसला घ्या. मी आडवी येणार नाही. त्याच्या वर एक डॉलरही नाही."

"साठची वस्तू चोवीसला कोण देईल?"

"मग थांबू."

होशिंगने दोन दिवस ते भांडं घासूनपुसून मिरवलं. तिसऱ्या दिवशी त्या भांड्यात मासा वाफवताना न राहवून म्हणाला, "फार मोठं आहे गं हे. आपल्या दोघांना कशाला?" आणि भांडं फिरवून फिरवून पाहू लागला. न खपण्याचं कारण त्याच्या हातातच होतं.

मग तो रोज ब्रोकरच्या हॉलमध्ये जाऊन बसू लागला. तिथल्या रीतीने भाव चढला की भिंतीवरच्या फळ्यावर लाल आकडे, उतरला की हिरवे. लुंगचाव हिरवी झाली की सगळ्यांचे चेहरे पडत आणि होशिंग एकटा टाळ्या वाजवी. शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या च्वांगदादांनी लुंगचावच घेतलेली होती. त्यांनी जागा बदलली.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भाव तेवीसवर आला. सभेच्या दिवशी रांग होती तशीच होती, पण भेट म्हणून निघाला कागदी रुमालांचा एक पुडा. लोकांनी फाटकाशीच शिव्या घातल्या.

"बुडाली!" होशिंग म्हणाला. "बाओलिएन, बुडाली गं!"

"चला आत."

अध्यक्षांनी पहिल्या रांगेत तिच्यासाठी खुर्ची राखली होती. होशिंगला त्यांनी आजोबांशेजारची दिली.

"पुडा का दिलात?" तिने विचारलं.

"द्यायला भांडं उरलं नाही, बाई," अध्यक्ष म्हणाले. त्यांना इतकं छान वाक्य कित्येक वर्षांत बोलायला मिळालं नव्हतं. जुना माल तोटा सोसून काढून टाकला होता आणि कारखाना आता नूडलवाल्यांसाठी सुपाची पातेली बनवत होता. पैसे हातात आलेत का, हेही बाओलिएनने विचारून घेतलं, मग अहवालात ताडून पाहिलं. आले होते. नव्याने काढलेलं मोल तिशीच्या घरात गेलं.

"घ्या," ती म्हणाली. "पण सगळे पैसे घालू नका. अर्धे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेअर घेतले. तिसऱ्या दिवशी भाव बावीसवर आला, फळा हिरवा झाला आणि होशिंगने टाळ्या वाजवल्या.

"अहो!" बाओलिएनने त्याचा हात धरला. "आता ती आपली आहे. टाळ्या बंद करा."

"का बंद करू? तीसची वस्तू काल तेवीसला होती, आज बावीसला मिळतेय. उरलेल्या अर्ध्यातून थोडे अजून घेऊ."

त्या वाक्यात काहीतरी चूक असणार म्हणून तिने ते दोनदा तपासलं. सापडली नाही. मग तिनेही टाळी वाजवली, आणि च्वांगदादांनी पुन्हा जागा बदलली.